जादा बादली

पावसाळ्याच्या दिवसांत कारध्यातील घराघरांत सकाळी सकाळी एक आकडा विचारला जातो. तो धानाच्या किंवा तुरीच्या भावाचा नसतो. पुलाजवळ वैनगंगेचे पाणी किती चढले, याचा असतो. नदीच्या पश्चिम तीरावर भंडारा शहर, पूर्व तीरावर कारधा आणि दोहोंना जोडणारे पूल, त्यांतला एक इंग्रजी अमदानीतला, अशी या गावाची मांडणी आहे. वैनगंगा उगम पावते ती मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यात. त्यामुळे कारध्यावर स्वच्छ ऊन पडलेले असतानाही वरच्या पावसाचे पाणी येथे येऊन धडकू शकते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वरच्या खोऱ्यातील अतिवृष्टीचे आणि धरणांतून सोडलेले पाणी असेच एकत्र आले, नदी पात्र सोडून भंडारा शहरात व काठच्या वस्त्यांत शिरली, आणि खाली पवनीजवळच्या गोसेखुर्द धरणाचे तेहतीसही दरवाजे उघडावे लागले.

त्या पुरात येथील एका किराणा व्यापाऱ्याच्या अंगणात गुडघाभर पाणी आले. अंगणाच्या कडेला मालवाहू टेम्पोसाठी जुनी शेड होती. तिची फरशी जमिनीपासून दोन फूट उंच होती. चहूबाजूंनी विटांची जोत्याची भिंत आणि आत मातीचा भराव. टेम्पो कोरडा राहिला. पाणी ओसरले तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांनी, ज्यांना सारे गाव बाबूजी म्हणते, देवापुढे हात जोडले. तिसऱ्या दिवशी पहाटे मोठा आवाज झाला. शेडची नदीकडची भिंत बाहेरच्या अंगाला फुगून कोसळली होती, आतला भराव चिखल होऊन अंगणात पसरला होता आणि टेम्पोचे मागचे चाक अधांतरी लटकत होते. दुरुस्तीचा खर्च झाला तो झालाच. पण दिवाळीपर्यंतचा ऐन हंगाम भाड्याच्या गाडीवर काढावा लागला, हे नुकसान मोठे होते.

पूर येताना जे उभे राहते ते पूर गेल्यावर पडते, हा अनुभव नदीकाठच्या पुष्कळ गावांना आहे. त्यामागचे कारण गूढ नाही. पाणी चढलेले असते तेव्हा भिंतीच्या दोन्ही अंगांना दाब असतो. बाहेरून नदीचे पाणी रेटते आणि आतून भिजलेला भराव. दोघे एकमेकांना तोलून धरतात. बाहेरचे पाणी झपाट्याने उतरते, परंतु आतल्या मातीत मुरलेले पाणी तितक्या वेगाने बाहेर पडत नाही. तराजूच्या एका पारड्यातले वजन अचानक उचलावे तशी भिंतीची गत होते. ओल्या मातीचा भार, त्यावर तिच्यातल्या पाण्याचा दाब आणि माथ्यावर उभ्या गाडीचे वजन, हे सारे एकट्या भिंतीवर येते. पाण्याला बाहेर पडायला वाट ठेवलेली नसेल तर भिंत तरी किती काळ थोपवून धरणार?

नवी शेड बांधायची यावर घरात दुमत नव्हते. मतभेद होता तो भिंतीवरून. बाबूजींचा कल पुन्हा विटांकडे होता. जमिनीखाली पुरलेला पैसा उगवून येत नाही, असे त्यांचे साधे व्यापारी गणित. ते गणित अगदीच चुकीचे म्हणता येणार नाही. घराचे मूल्यांकन करायला येणारा माणूस फरशी पाहतो, दरवाजे पाहतो, छत पाहतो. पायात किती सिमेंट गेले, हे त्याला दिसत नाही आणि त्याच्या नोंदीतही फारसे येत नाही. जे दिसत नाही त्यावर काटकसर करण्याचा मोह म्हणूनच सर्वांना होतो. मुलाने मात्र टेम्पोच्या दुरुस्तीचे बिल आणि भाड्याच्या गाडीच्या पावत्या एकत्र टाचून बाबूजींसमोर ठेवल्या. त्या बेरजेत काँक्रीटच्या भिंतीचा खर्च निघून वर काही शिल्लक राहत होते. बाबूजींनी चष्मा पुसला, बेरीज दोनदा तपासली आणि मग अभियंत्याला बोलावण्यास होकार दिला.

अभियंत्याने आधी पूररेषा पाहिली. जलसंपदा विभागाच्या आखणीत दोन रेषा असतात. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल. नदी व निळी रेषा यांमधील पट्टा निषिद्ध मानला जातो. निळ्या व लाल रेषांमधील पट्ट्यात बांधकामाला अटी लागतात. नदीकाठी साधे गॅरेज बांधायचे असले तरी ही चौकशी आधी करावी. पाया खणल्यानंतर ती करणाऱ्यांची संख्या दुर्दैवाने मोठी आहे.

शेड वीस फूट लांब आणि तेरा फूट रुंद ठरली. भिंत चार फूट उंच, त्यांपैकी दोन फूट जमिनीत व दोन फूट वर. जाडी आठ इंच. तिच्याखाली अडीच फूट रुंद काँक्रीटचा पाया, तोही वरची काळी माती काढून घट्ट मुरमावर बसवलेला. काळी माती भिजली की फुगते, वाळली की आकसते, आणि तिच्यावर बसवलेली भिंत दर वर्षी थोडी थोडी हलत राहते. चारही बाजूंची भिंत धरून छासष्ट फुटांचा परीघ झाला. हिशेब केल्यास सुमारे पावणेदोनशे घनफूट, म्हणजे जवळपास पाच घनमीटर काँक्रीट. एकास दीडास तीन या प्रमाणात एका घनमीटरला सिमेंटची साधारण आठ पोती लागतात. चाळीस पोती सिमेंट, पाऊण ब्रास रेती आणि दीड ब्रास गिट्टी. ज्या घरात रोज पोत्यांचाच हिशेब चालतो त्या घराला हे आकडे लगेच उमगले.

सळयांच्या बाबतीत मिस्त्रीची व अभियंत्याची पहिली चकमक झाली. मिस्त्रीने सवयीप्रमाणे उभ्या सळया भिंतीच्या बरोबर मध्यावर बांधल्या होत्या. काँक्रीट दाबाला भक्कम, ताणाला दुबळे. ताण जेथे येतो तेथे लोखंड हवे. या भिंतीला आतला भराव बाहेर ढकलणार. भिंत बाहेर वाकू पाहील तेव्हा ताण येणार तो आतल्या, म्हणजे मातीकडच्या अंगाला. सळया त्या अंगाला सरकवायच्या, मात्र पृष्ठभागापासून दोन इंच आत ठेवायच्या, म्हणजे ओल त्यांच्यापर्यंत पोहोचणार नाही. मिस्त्रीने एक अक्षर न बोलता सारी बांधणी सोडली व पुन्हा बांधली. त्यात अर्धा दिवस गेला. असा अर्धा दिवस द्यायला तयार असलेला मिस्त्री मिळणे हे भाग्यच.

सेंट्रिंगचे काम लोकांना हलके वाटते. ओले काँक्रीट हे दगडासारखे उभे राहत नाही. ते ओतताना जड पाण्यासारखे वागते आणि पाण्यासारखेच सर्व बाजूंनी दाबते. एक घनमीटर काँक्रीटचे वजन सुमारे चोवीसशे किलो. चार फूट उंचीपर्यंत ते एकदम भरले तर तळाशी दर चौरस फुटाला अडीचशे किलोहून अधिक दाब येतो, आणि आठ बाय चारच्या एका आडव्या प्लायवर सारा मिळून चार टनांवर भार येतो. भरलेला टेम्पो त्या प्लायवर रेलून उभा आहे अशी कल्पना करावी. म्हणून दोन्ही बाजूंचे प्लाय एकमेकांना आरपार बांधले गेले, बाहेरून आडव्या पट्ट्या आणि तिरक्या बल्ल्यांचे टेकू दिले गेले. जमिनीच्या पातळीच्या किंचित वर दर चार-पाच फुटांवर तीन इंची पाइपाचे तुकडे बसवले गेले. आतले पाणी बाहेर पडण्याची ही वाट. जुन्या भिंतीत नव्हती ती हीच.

काँक्रीट टाकण्याचा दिवस डिसेंबरातला निवडला. चातुर्मास संपलेला, नदी पात्रात, हवा थंड. थंड हवेत काँक्रीट सावकाश आवळते, हातात वेळ राहतो. घरातील जेवण सूर्यास्तापूर्वी आटोपण्याचा नेम असल्याने काम पहाटेच सुरू करायचे ठरले, आणि हा नेम येथे कामाच्याही सोयीचा ठरला. घरातील आजींनी कंदील घेऊन चर न्याहाळला. रात्रीतून दोन बेडूक आणि एक विंचू आत उतरले होते. त्यांना अलगद सुपात घेऊन बाहेर सोडण्यात आले. त्या निमित्ताने चरात पडलेला पालापाचोळा आणि ढेकळेही निघाली. ती तशीच राहिली असती तर पाया व भिंत यांच्या सांध्यात मातीचा थर अडकला असता.

रेतीची परीक्षा आदल्या दिवशीच झाली होती. वैनगंगेची रेती प्रसिद्ध आहे, परंतु प्रत्येक ट्रॅक्टरमध्ये तीच येते असे नाही. काचेच्या बाटलीत अर्धी रेती व वर पाणी घालून, चिमूटभर मीठ टाकून, खूप हलवून बाटली तीन तास ठेवली. खाली रेती बसली, वर गाळाचा पातळ थर. रेतीच्या थराच्या शंभरात आठ भागांहून गाळ अधिक असता तर गाडी परत पाठवावी लागली असती. येथे तो बराच कमी निघाला.

आता मूळ मुद्दा, पाण्याचा.

एका पोत्यात पन्नास किलो सिमेंट असते. त्याला पंचवीस लिटर पाणी ठरले होते. खरे पाहता सिमेंटला रासायनिक क्रियेसाठी त्याच्या वजनाच्या पाव हिश्शाच्या आसपास पाणी पुरते. उरलेले पाणी केवळ माल हलता, ओतता यावा म्हणून घालावे लागते. ते पुढे उडून जाते आणि जेथे होते तेथे बारीक पोकळ्या ठेवून जाते. जितके पाणी जादा, तितक्या पोकळ्या जादा, तितकी भिंत कमकुवत. अमेरिकेतील डफ एब्रॅम्स या संशोधकाने १९१८ साली हा नियम असंख्य नमुने फोडून मांडला : काँक्रीटची ताकद मुख्यतः पाणी व सिमेंट यांच्या गुणोत्तरावर ठरते. ढोबळमानाने सांगायचे तर दर पोत्यामागे पाच लिटर पाणी वाढले की ताकदीचा पाचवा हिस्सा जातो. दहा लिटर वाढले की तिसरा. दहा लिटर म्हणजे एक लहान बादली. सिमेंट तितकेच, लोखंड तितकेच, मजुरी तितकीच, आणि एका बादलीने तिसरा हिस्सा गायब! व्यापारात असा तोटा कोणी डोळ्यांदेखत होऊ देईल काय?

तरीही ती बादली पडते, आणि ती टाकणारा मनुष्य लबाड असतो असे मुळीच नाही. आठ इंचांच्या फटीत, सळयांच्या जाळीतून, चार फूट खाली माल उतरवायचा असतो. घट्ट माल अडतो, घमेले पालथे केले तरी सुटत नाही, हात दुखतात, मागे मिक्सर थांबतो. पहिल्या दोन घाण्यांनंतर मिस्त्री म्हणालाच, ‘‘शेठजी, माल लयच घट्ट आहे जी. थोडं पानी वाढवू द्या ना.’’

मिक्सरजवळ त्या वेळी घरातील सून उभी होती. ती वाणिज्य पदवीधर, दुकानाची खातेवही तीच लिहिते. पाण्याच्या बादलीला आतून लाल रंगाची रेघ तिनेच आदल्या रात्री ओढली होती, आणि प्रत्येक घाण्यामागे शेडच्या खांबावर खडूची एक उभी रेघ ओढीत होती. तिने ‘नाही’ म्हटले नाही. तिने अभियंत्याकडे पाहिले. मिस्त्रीची अडचण खरी आहे, हे त्यालाही मान्य होते. माल घट्ट ठेवून जबरदस्तीने कोंबला तर खालच्या कोपऱ्यांत पोकळ्या राहतात, सेंट्रिंग काढल्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भिंत दिसते आणि सळया उघड्या पडतात. तीही भिंत निकामीच. उपाय पाण्यात नव्हता. माल सैल करणारे द्रवरूप रसायन बाजारात मिळते. डब्यावर लिहिलेल्या मात्रेत, पोत्यामागे काही मिलिलिटर, ते मापल्या पाण्यातच मिसळायचे. तिसऱ्या घाण्यापासून ते सुरू झाले. माल दह्यासारखा सरकू लागला. मिस्त्रीने घमेले उलटे केले, खाली पाहिले आणि समाधानाने मान हलवली.

एक पाणी मात्र सर्वांच्या नजरेतून सुटणार होते. पहाटेच्या दवाने रेती ओली होती. ओली रेती दुहेरी फसवते. ती फुगते, म्हणून मापाच्या पेटीत प्रत्यक्षात कमी रेती बसते. आणि ती स्वतःचे पाणी सोबत आणते, जे कोणत्याही खात्यात मांडलेले नसते. अभियंत्याने मूठभर रेती दाबून पाहिली, पेटी थोडी शिगोशीग भरायला सांगितली आणि लाल रेघेच्या दोन बोटे खाली दुसरी रेघ ओढायला लावली. खातेवही लिहिणाऱ्या सुनेला या नोंदीचे महत्त्व समजावून सांगावे लागले नाही.

भिंत एका ठिकाणी पूर्ण भरून पुढे जायचे नाही, तर चारही बाजूंनी प्रदक्षिणा घातल्यासारखे एकेक फुटाचा थर टाकीत जायचे, अशी पद्धत ठरली होती. एका फेरीला दहा घाणे, सुमारे सव्वा तास. तोवर खालचा थर किंचित आवळलेला, म्हणून प्लायवरचा दाब कमी; परंतु पूर्ण घट्ट झालेला नसतो, म्हणून दोन थरांचा एकजीव होतो. व्हायब्रेटरची सुई नव्या थरातून खालच्या थरात चार बोटे उतरवायची, बुडबुडे थांबले की हळूहळू वर काढायची. घाईने ओढली तर भोक राहते आणि फार वेळ ठेवली तर गिट्टी खाली बसून पाणी वर तरंगते.

तिसऱ्या फेरीत वायव्येच्या कोपऱ्याजवळ कर्र असा आवाज आला. एका टेकूखालची जमीन दबली होती आणि प्लाय बोटभर बाहेर आला होता. मिस्त्रीने हात वर करून ओतणे थांबवले, मजुरांना समोरच्या भिंतीकडे पाठवले, टेकूखाली फळी सारली, पाचर ठोकली, ओळंबा लावला. वीस मिनिटे गेली. तितक्या वेळात समोरचा थर पुढे सरकला आणि काम थांबले नाही. बाबूजी खुर्ची टाकून बसले होते ते उठून उभे राहिले, परंतु एक शब्द बोलले नाहीत. जाणत्या माणसाचे हात चाललेले असताना मालकाने गप्प बसावे, हे त्यांना दुकानातल्या पन्नास वर्षांनी शिकवले असावे.

खांबावर चाळीस रेघा झाल्या तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते. मजूर जेवायला बसले. भिंतीचा माथा लाकडी पट्टीने सारखा करून त्यावर ओले बारदान पसरले गेले. किराणा दुकानात बारदानाला तोटा नसतो. दुसऱ्या दिवशी बाजूचे प्लाय निघाले आणि तेथेही बारदान लटकवून भिजवणे सुरू झाले. ओतताना जे पाणी वैरी, तेच आता जीवनदायी. भारतीय मानकानुसार साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि राखमिश्रित सिमेंटला किमान दहा दिवस ओल टिकवायची असते. आज दुकानांत मिळणारे बरेचसे सिमेंट राखमिश्रितच. येथे चौदा दिवस केले. काहींनी सुचवले की माथ्यावर मातीची आळी करून पाणी साठवून ठेवावे, वारंवार भिजवण्याचा त्रास वाचेल. आजींनी ते नाकारले. साचल्या पाण्यात जीव पडतात. ओले बारदान अधिक बरे, आणि उभ्या भिंतीला ते अधिक उपयोगीही, कारण आळ्यातले पाणी बाजूंना पोहोचतच नाही.

भराव घालण्याची घाई मात्र मुलाला झाली होती. भिंत वरून टणक दिसते तेव्हा आतून ती अर्ध्या ताकदीची असू शकते, आणि ट्रॅक्टरभर मुरूम एका अंगाने लोटला तर कोवळी भिंत तडकते. तीन आठवडे थांबून मग पाइपांच्या तोंडांशी आधी गिट्टी रचली गेली, म्हणजे पाणी निघेल पण माती निघणार नाही. त्यानंतर अर्धा अर्धा फूट मुरूम पसरून, भिजवून, धुमसाने ठोकीत वर आणला. वर फरशी, समोर सोळा फूट लांबीचा उतार. संक्रांतीनंतर टेम्पो शेडमध्ये चढला.

बाबूजींनी खर्चाची वही स्वतः पूर्ण केली. रसायनाच्या डब्याची रक्कम त्यांनी वेगळ्या ओळीवर लिहिली आणि तिच्यासमोर कंसात ‘पाण्याऐवजी’ असे नोंदवले.

जुलैत पाऊस लागला. एका रात्री इतका बरसला की अंगणाचे तळे झाले. नदीचे नव्हे, आभाळाचेच पाणी. सकाळी ते ओसरले तेव्हा भिंतीतल्या पाइपांच्या तोंडांतून बारीक धारा लागल्या होत्या. बाबूजी काठी टेकीत गेले, वाकले आणि एका धारेखाली ओंजळ धरली. ओंजळीतले पाणी त्यांनी उजेडाकडे करून पाहिले. त्यात माती नव्हती. मग ते पुढच्या पाइपाकडे वळले.